मिसळीचा बेवड

तलवाड्याच्या खताच्या दुकानापुढं सकाळपासून रांग लागली होती. मिरगाचा पाऊस होऊन गेला होता आणि ज्याला त्याला युरिया पाहिजे होता. पौर्णिमा रिकामं पोतं डोक्यावर धरून उभी होती. ऊन वर चढलं तशा तिच्या पिंढऱ्या भरून आल्या. पुढचा माणूस एक पाऊल सरकला की तीही सरकत होती.

तिचा नंबर आला तेव्हा दुकानदारानं वरसुद्धा बघितलं नाही.

"एकटा युरिया न्हाई मिळत. संगं ही बाटली घ्यावी लागंल."

"बाटली कशाची?"

"वाढीची."

"आमाला वाढीची नको, भाऊ. युरिया तेवढा द्या."

"मग बाजूला सरका. मागच्यांना येऊ द्या."

पौर्णिमा सरकली नाही. मागून एकजण मोठ्यानं म्हणाला, "ती गायरानातली बन्सीची बायको हाय. त्या मुरमात युरिया टाकून काय उगवनार? दगडं?"

रांग हसली. दुकानदारही हसला. त्या हसण्यात कुणाच्या मनात फार वाईट होतं असं नाही, उन्हात उभं राहून माणसं कंटाळली होती आणि हसायला काहीतरी पाहिजे होतं. पण पौर्णिमाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं पोत्याची घडी केली, बगलेत मारली आणि घराची वाट धरली.

गोष्ट खरी होती, हेच तिला जास्त लागलं होतं. बन्सीच्या बापानं गायरानाचा तो तुकडा पहारीनं दगडं काढून वहितीला आणला होता. तीन एकराचं वरचं रान. काही वर्षं रानानं ज्वारी दिली, मग कापूस दिला, मग कापसावर कापूस घेत गेले आणि रान थकलं. मागच्या साली तर बोंडं धरायच्या आतच कापसाची पानं लाल पडली आणि झाडं गुडघ्याएवढी राहून वाळली. माती अशी घट्ट झाली होती की पाऊस पडला तर पाणी वरच्या वर निघून जाई. रान देईना म्हणून दिवाळी झाली की पौर्णिमा आणि बन्सी कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जात. पोरगी अंजू तेवढे महिने आजीपाशी राही. पौर्णिमाच्या पाठीत मोळ्या उचलून उचलून एक कळ बसली होती, ती वाकताना उठे आणि सरळ होतानाही उठे.

घरी आली तर ओट्यावर विठ्ठलराव बसले होते. खालच्या अंगाला त्यांची विहिरीची बागाईत होती, आणि त्यांचा बांध बन्सीच्या रानाला लागून होता. भामाबाईनं, म्हणजे पौर्णिमाच्या सासूनं, त्यांना चहा दिला होता.

"मी म्हनतो बन्सी, कशाला जीव घालतोस त्या रानात?" विठ्ठलराव सांगत होते. "मला ठोक्यानं कसायला दे. मी गाळ टाकतो, बघतो काय व्हतंय. तू निवांत कारखान्याला जा."

बन्सी मान हलवत होता. पौर्णिमाला ती मान ओळखीची होती. कारखान्यावर मुकादमापुढं तो अशीच हलवी.

विठ्ठलराव गेल्यावर तिनं हंड्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि ती नवऱ्यापुढं येऊन बसली.

"शब्द दिलाव का?"

"आजून न्हाई. पन देऊन टाकावा म्हन्तो. युरिया आनलास का?"

"न्हाई आनला. आन् आनायचा बी न्हाई. आवं, ती मोहिनी म्याडम समाजमंदिरात काय सांगत व्हती, ध्यानात हाय का?"

मोहिनी ही गावाची कृषी सहायक. स्कूटीवर यायची, पाच-सहा बाया जमवून शेतीचं सांगायची. बन्सी एकदाच बसला होता आणि त्या वेळी त्याचा डोळा लागला होता.

"ती म्हनत व्हती, पावसाळाभर रानात मिसळ पेरायची. ताग, चवळी, बाजरी, आसं धा जातीचं. फुलावर आलं का खायचं न्हाई, इकायचं न्हाई. मातीत गाडायचं. आन् त्याच्यावर रब्बीची ज्वारी."

"गाडायचं?" बन्सीनं तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिला ऊनच लागलंय. "आख्खा खरीप मातीत गाडायचा? लोक म्हनत्याल बन्सीला याड लागलं."

"लोक आज बी काय कमी म्हनले का?" पौर्णिमा म्हणाली. रांगेतलं सगळं तिनं सांगितलं. बन्सी खाली बघून पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत राहिला.

भामाबाई चहाची कपबशी उचलत होती. ती म्हणाली, "आमच्या टायमाला तागाचा बेवड म्हनायचे. ताग मोडलेल्या रानात ज्वारी अशी यायची का मानूस दिसायचं न्हाई. पन नुसता ताग. मिसळ न्हवती."

"एक साल, आत्या. एक साल द्या मला," पौर्णिमा म्हणाली. ती नवऱ्याकडं वळली. "दिवाळीपस्तोर ज्वारीनं काय दाखवलं न्हाई, तर रान विठ्ठलरावाला. मी मुकाट्यानं कोयता घेऊन तुमच्या म्हागं येईन. पुन्हा शब्द काढनार न्हाई."

बन्सीनं उकरलेलं सारवण पायानंच सारखं केलं. मग म्हणाला, "शब्द काढनार न्हाई?"

"न्हाई."

"बरं."

*

तागाचं आणि चवळीचं बी मोहिनीनं मिळवून दिलं. बाकीचं घरातून निघालं. भामाबाईनं उतरंडीतली गाडगी खाली घेतली. राखेत घोळलेला हुलगा, मटकी, मूठ मूठ तीळ, गवार, बाजरी. ओट्यावर सुपात ढीग केला आणि मोहिनी त्याच्यापाशी उकिडवी बसली.

"म्याडम, नुसता ताग कावून न्हाई?" भामाबाईनं विचारलं. "आमी नुसताच टाकायचो."

"ताग लई गुणाचा, आजी. हवेतलं नत्र धरून मुळाच्या गाठीत ठेवतो. चवळी, हुलगा, मटकी, सगळी तीच जात. पण ती कोवळी असताना गाडली की लवकर कुजतात. सगळं नत्र एकदम सुटतं. ज्वारी तेव्हा एवढीशी असती, तिला ते खाता येत नाही, आणि हस्ताचा पाऊस जोराचा झाला की वाहून जातं. बाजरी हावरी. ती मातीतलं सुटं नत्र ओढून आपल्या अंगात धरते आणि कुजायला वेळ लावते. दोघी एकत्र असल्या की ज्वारीला बेतानं, जसं लागेल तसं मिळत राहतं."

"म्हंजी एक पोरगी खर्चिक आन् एक चिक्कू," भामाबाई म्हणाली.

मोहिनी खळखळून हसली. "तसंच म्हणा! फक्त बाजरी निसवायच्या आत सगळं मोडायचं. कणीस आलं, ताट जून झालं, की ते कुजताना उलट ज्वारीच्या वाट्याचं नत्र खातं."

"मग बाजरीबरं थोडी ज्वारी बी टाकावी का?" पौर्णिमानं विचारलं.

"ज्वारी नको," भामाबाईच म्हणाली. "कोवळी ज्वारी, पानी तुटलं का इखारी व्हती. कुनाच्या जनावरानं तोंड घातलं तर जागेवर पडंल. तळतळाट कोन घेनार?"

मोहिनीनं मान डोलावली. "आजी म्हणतात ते बरोबर आहे."

पेरणीच्या दिवशी पौर्णिमानं ओटीत बी घेतलं आणि हातानं फोकत गेली. मूठ उघडताना हात असा फिरवायचा की जाड बी आणि बारीक बी सारखं पडावं. म्हणून भामाबाईनं तिळात माती मिसळून दिली होती. मागून बन्सीनं बैलांना वखर जुंपून पाळी दिली. तो काही बोलत नव्हता, पण वखर सरळ चालवत होता. रस्त्यानं जाणाऱ्या मोटरसायकलवरून एकानं आरोळी दिली, "काय पेरलं बे, बन्सी?"

"मिसळ!"

"मग पाव बी पेर!"

बन्सीनं बैलाच्या पाठीवर उगीच एक चाबूक ओढला.

*

मिसळ उगवली ती मात्र झपाट्यानं. बाजरी सरळ वर, तिच्या अंगाला ताग, खाली चवळी आणि मटकीचे वेल असे पसरले की मातीला ऊन दिसेना. पौर्णिमा रोज एकदा जाऊन बसायची. एकदा तिनं चवळीचं एक रोप मुळासकट उपटलं आणि घरी आणून सासूपुढं धरलं. मुळाला मोहरीएवढ्या गाठी लोंबत होत्या. तिनं नखानं एक फोडली. आतून गुलाबी निघाली.

"रगत हाय की गं," भामाबाई डोळ्याजवळ नेऊन म्हणाली.

"म्याडम म्हनली व्हती, गुलाबी दिसली का समजायचं काम चालू हाय."

भामाबाईनं ते रोप बन्सी जेवायला बसला तिथं त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यानं एक गाठ फोडून बघितली. मग दुसरी फोडली. भाकरी मोडत म्हणाला, "बरं हाय."

आणि श्रावणात पाऊस गेला.

आधी कुणाला वाटलं चार दिवसांची उघडीप आहे. मग वारा सुटला. दिवसभर कोरडा वारा. सोयाबीन दुपारी माना टाकी. बांधावरचं गवत पिवळं पडून कुरकुरायला लागलं आणि गावातली जनावरं दावणीला हंबरू लागली. बन्सीची म्हैस वाळल्या कडब्यावर होती. पौर्णिमा काठाकाठानं दोन कवळे बाजरी कापून तिला टाकी, त्याहून जास्त नाही. आख्ख्या शिवारात विठ्ठलरावांचा ऊस सोडला तर हिरवं होतं ते बन्सीच्या वरच्या रानात. त्या दाट पाल्याखाली माती अजून गार होती. हात घातला की कळायचं.

विठ्ठलराव बांधावर आले.

"बन्सी, माझ्या गाई उपाशी हायेत. उभा चारा मला दे. मागशील ते देतो."

बन्सीनं पौर्णिमाकडं बघितलं. ती खुरपं हातात धरून उभी होती.

"चारा न्हाई तो, भाऊ," ती म्हणाली. "रानाचं खाणं हाय."

"जनावरं तडफडायलीत आन् तुमी हिरवं मातीत घालनार? पाप हाय ते, बाई. इचार करा."

ते गेले. बन्सी पाठमोरा उभा राहून म्हणाला, "लई वंगाळ वाटतंय बग. त्यांचं काय खोटं हाय?"

पौर्णिमानं बाजरीचं एक ताट वाकवून बघितलं. तिला त्याहून मोठी धास्ती पडली होती. बाजरीची ताटं आता कडक व्हायला लागली होती. पोटरीत कणीस धरत होतं. मोडायची वेळ आली होती, आणि मोडावं तर माती वीट झाली होती, नांगराचा फाळ आत जाईना. कापून वर टाकलं असतं तर उन्हात वाळून पाचोळा झाला असता आणि वाऱ्यानं गेला असता. आणि ठेवावं तर जून होणार. म्याडमनं सांगितलेलं उलटं होणार, मिसळच ज्वारीचं खाणार. ती बाजरीचं ताट मुठीत धरून पिळून बघायची. रोज ते जास्त कडक लागायचं.

एक दिवस सकाळी ती रानात आली तर अर्धं रान हलत होतं. तिला आधी कळेचना. मग "बॅ" ऐकू आलं. आख्खं मेंढराचं खांड आत घुसलं होतं.

"ए मेल्या!" ती काठी घेऊन धावली. पदर खांद्यावरून सुटला, पायात काटा गेला, तिनं बघितलं नाही. "कुनाची मेंढरं हायेत? कुनाचं रान समजलास?"

पलीकडून एक उंच म्हातारा माणूस, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी, हात जोडतच पळत आला. हा बंकट. दरवर्षी मेंढरं घेऊन त्या वाटेनं उतरायचा.

"माफ कर, लेकी, माफ कर! रात्री जाळ्याची वाघर तुटली. आवरनात. चार गावात काडी न्हाई, हिरवा वास आला आन् धरून राहीनात."

"रान खाल्लं माझं!"

"हाकलतो, आत्ता हाकलतो."

तो शिट्टी घालून, हाळ्या देऊन मेंढरं बाहेर काढू लागला. पौर्णिमा मट्कन खाली बसली. तिला रडू आलं. दोन महिने जपलेलं हे रान. मग डोळे पुसून ती कुठं कुठं नुकसान झालं ते बघायला आत शिरली, आणि चालता चालता थांबली.

मेंढरांनी तागाला फारसं तोंड लावलं नव्हतं. चवळीचे शेंडे थोडे ओरबाडले होते. खाल्ली होती ती बाजरी. पोटरीवर आलेले शेंडे वरच्या वर खुडून खाल्ले होते. जिथं खाल्लं होतं तिथं बाजरीची कणसं गेली होती, आणि बुडाशी कोवळे फुटवे दिसत होते, मऊ, पिवळसर हिरवे. खाली लेंड्यांचा सडा पडला होता. मुताचा उग्र वास मातीतून वर येत होता.

तिनं तिथंच उभं राहून मोहिनीला फोन लावला. पलीकडून मोहिनी म्हणाली, "पौर्णिमाताई, मला हे सुचायला पाहिजे होतं. चरू द्या. शेंडा गेला की बाजरी निसवणार नाही, कोवळी राहील. पावसापर्यंत तुम्हाला वेळ मिळाला. फक्त बुडापर्यंत खाऊ देऊ नका."

"बंकटदादा!" पौर्णिमानं हाक मारली. "थांबा!"

म्हाताऱ्यानं भीतभीत मागं बघितलं. त्याला वाटलं आता पंचायत.

"मेंढरं किती दिस बसवाल माझ्या रानात?"

त्याला पुन्हा सांगावं लागलं. कळल्यावर त्यानं पटका काढून तोंड पुसलं. "पाऊस येईपस्तोर बसवतो, लेकी. पन एका जागी न्हाई. चवळी जास्त खाल्ली का पोट फुगतं. रोज पट्टा बदलीन. शेंडा खाल्ला का पुढं. आन् रात्री तिथंच वाघर लावीन."

संध्याकाळी बन्सी आला तो भडकलेलाच. "मेंढरालाच चारायचं व्हतं तर विठ्ठलरावाला कावून न्हाई दिलं? निदान गावात नाव राहिलं असतं!"

"विठ्ठलराव कापून न्हेनार. शेन त्यांच्या गोठ्यात पडनार," पौर्णिमा म्हणाली. "ही हितंच खात्यात, हितंच बसत्यात. रानाचं रानात राहतंय. वास घ्या की."

बन्सीनं मेंढरं बसलेल्या जागेत वाकून एक मूठ माती उचलली. हुंगली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो आपल्या मनानं बोलला. "त्या कडंला न्हाई बसवली मेंढरं? तिथं तर मुरूम जास्त हाय. उद्या बंकटमामाला सांग, तिथं बसव म्हनाव."

*

पोळ्याच्या तोंडावर पाऊस आला. एकसारखा, मुरवणीचा. बंकटनं मेंढरं हलवली आणि जाताना भामाबाईच्या हातात एक घोंगडी ठेवली. भामाबाई नको नको म्हणाली तरी ठेवली.

वाफसा आला तसा बन्सीनं बैलांना आधी लाकडाची फळी जुंपली आणि उभी मिसळ आडवी पाडत गेला. मग नांगर. तागाची ताटं फाळाला गुंडाळायची, नांगर अडायचा. पौर्णिमा पुढं विळा घेऊन ताटं तोडत चालायची, मागं बन्सी "हुर्रर, बाबा, हुर्रर" करत रुमणं दाबून धरायचा. दुपारपर्यंत त्याच्या तळहाताला फोड येऊन फुटले. पौर्णिमाच्या पाठीतली कळ अशी उठली की एकदा तिला विळा टेकून उभं राहावं लागलं. बन्सी नांगर सोडून आला, तिच्या कमरेवर हाताचा तळवा ठेवून जोरानं दाबला. असं तो कारखान्यावर उसाच्या फडात करायचा. इथं आपल्या रानात पहिल्यांदाच केलं.

"बस जरा."

"बसले तर उठनार न्हाई. चला."

मागच्या साली जिथं फाळ ढेकळं उचकटत होता, तिथं आता माती भुसभुशीत होऊन पालथी पडत होती. भामाबाई बांधावर बसून बघत होती. ती उठली, तासात उतरली, आणि अनवाणी पाय घोट्यापर्यंत आत गेला तसं म्हणाली, "आरं बन्सी, पाय जातोय रे!"

*

हस्ताच्या आधी मालदांडी ज्वारी पेरली. हस्त खरंच जोरात झाला. नाले भरून वाहिले. पण वरच्या रानातून पाणी वाहून गेलं नाही, मातीत शिरलं. ज्वारी उगवली, चार पानावर आली आणि तिचा रंग बदलला. आधी हिरवा, मग काळसर हिरवा, मग असा गर्द की लांबून रान ओलं झाल्यासारखं दिसे. बाकी शिवारात ज्वाऱ्या पिवळसर पडल्या होत्या. युरिया मिळालेल्यांच्यासुद्धा, कारण हस्तानं तो धुऊन नेला होता.

विठ्ठलराव पुन्हा बांधावर आले. या वेळी चपला काढून आत उतरले. ताट मुठीत धरलं, पानाची रुंदी बघितली, पान उलटं केलं.

"युरिया कुठून आनलास बे, बन्सी? खरं सांग. गावात तर आता कुनापाशी शिल्लक न्हाई."

"आनला न्हाई."

"थापा नको मारू. हा रंग युरियाबिगर येत न्हाई."

बन्सीनं हातातलं खुरपं त्यांच्यापुढं धरलं. "उकरून बगा."

विठ्ठलरावांनी उकरलं. मऊ काळी माती, तिच्यात अर्धवट कुजलेली ताटं, पांढरी बुरशी, आणि गांडुळं. एक, दोन, मग तिसरं, एवढालं. विठ्ठलराव उकिडवे बसून बघत राहिले. त्यांच्या बागाइतीत गांडूळ कधी दिसलं होतं ते त्यांनाही आठवलं नाही.

"ठोक्याचं म्हनलो व्हतो मी," ते उठत म्हणाले.

"म्हनला व्हता," बन्सी म्हणाला.

"आता देनार न्हाईस."

"न्हाई."

विठ्ठलराव मोठ्या मनाचे होते, हसले. "बायकोचं ऐकलास ते बरं केलंस. पुढच्या साली माझ्या खालच्या तुकड्यात बी करायचं म्हन्तो. बी लागंल मला."

"पौर्णिमाला इचारा," बन्सी म्हणाला. "तिचं काम हाय ते."

दिवाळीच्या आदल्या दिवशी रामहरी मुकादम आला. त्याची जीप दारात थांबली तशी पौर्णिमानं चुलीत एक लाकूड आत सारलं. ज्वारी दिसत होती चांगली, पण कणसाला अजून बराच वेळ होता. मधे काहीही होऊ शकत होतं. आणि कोयता ठरलेला होता. ती चुलीपाशी बसून राहिली. शब्द काढणार नाही म्हणाली होती, तो तिनं काढला नाही.

"चला बन्सी, गाडी कवा पाठवू?" रामहरी म्हणाला. "कोयता धरतोच ना यंदा बी?"

पौर्णिमानं फुंकणी हातात तशीच धरली.

"यंदा न्हाई, मुकादम," बन्सी म्हणाला.

"कावून बे? दुसऱ्या मुकादमाकडं चाललास?"

"कुठंच न्हाई चाललो. ज्वारी राखायची हाय. पाखरं लई येनार."

"ज्वारी राखायची!" रामहरी हसला. "म्हातारी राखंल की. तुझी जोडी म्हंजी वाघ हाय फडातली."

"मुकादम, तुमी चहा घ्या," बन्सी म्हणाला, आणि पौर्णिमाला त्याची मान दिसली. ती हलत नव्हती. "पन यंदा न्हाई."

आतल्या खोलीत अंजू अभ्यासाला बसली होती. ती पळत आली, आईच्या पाठीला मागून बिलगली आणि तिथंच तोंड दाबून राहिली. पौर्णिमाच्या पाठीत कळ उठली. तिनं पोरीला सोडवलं नाही.

*

माघात ज्वारी काढायला आली. असं कणीस वरच्या रानात कुणी बघितलं नव्हतं, दोन्ही हातांच्या ओंजळीत एक मावेना. कडबा दोन पुरुष उंच. काढणीला घरची माणसं पुरणार नव्हती. पौर्णिमा वस्तीत घरोघर फिरली. एवढी वर्षं ती दुसऱ्याच्या रानात जायची, आता दुसऱ्यांना बोलावत होती. बोलावताना तिला लाज वाटली, मग गंमत वाटली. विठ्ठलरावांची बायको साखराबाई आपणहून आली. म्हणाली, "मजुरी नको मला. मला ते मिसळीचं समदं नीट समजून घ्यायचंय. आमच्या ह्यांना कळत न्हाई, नुसती मान हलवित्यात."

सकाळी काढणी सुरू झाली. बाया ओळीनं उभ्या राहिल्या आणि ताटं उपटत पुढं सरकू लागल्या. घट्ट रानात ज्वारी उपटताना तळहात सोलून निघायचे. इथं ताट ओढलं की मुळाची आख्खी जुडी मातीसकट अलगद वर यायची, झटकली की माती गळून पडायची. मोहिनी स्कूटी बांधाला लावून आली होती. ती मुळं हातात घेऊन फोटो काढत होती आणि प्रत्येक फोटोला "बघा, बघा" म्हणत होती, जणू कुणी बघतच नव्हतं.

दुपारच्या भाकरीची वेळ झाली. पौर्णिमानं बांधावर धडपं पसरलं, पिठलं, ठेचा, कांदा मांडला. बाया हात झटकत येऊन बसल्या. बन्सी पेंढ्या टाकून आला. त्यानं सगळ्यांवर नजर फिरवली.

"आई कुठाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी काढणीला सुरुवात करताना भामाबाई पलीकडच्या अंगाला गेली होती, एवढं अंजूनं सांगितलं. बन्सीनं हाक मारली, "आये!" मधे अजून अर्धं रान उभं होतं. नुसती कणसं हलत होती. माणूस दिसत नव्हतं.

"ओ आत्या!" पौर्णिमा टाचा उंचावून ओरडली. "भाकर खायला या!"

ज्वारीत कुठंतरी सळसळलं. मग दुसरीकडं सळसळलं. मग मधूनच भामाबाईचा आवाज आला, हसून हसून दम लागलेला:

"आगं कुन्या बाजूला येऊ? मला बांधच दिसंना!"

बांधावर एकच हशा उसळला. साखराबाई पदर तोंडाला लावून हसत होती. बन्सी हसता हसता खाली बसला. पौर्णिमा कमरेवर हात ठेवून त्या उंच रानाकडं बघत उभी राहिली, आणि तिनं पुन्हा पूर्ण ताकदीनं हाक दिली, "हिकडं, आत्या! माझ्या आवाजावर या!"

कणसं दुभंगत आली, एक ओळ, तिच्याकडं.